कोसमिनारावरचा पिंपळ

"पुढचा दिसतो का रे?" कपाळावर हात आडवा धरून काका विचारायचे. दिसायचा कधीच नाही. मध्ये ढाबे, गोदामं, उंच इमारती. तरी दर खेपेला विचारायचे.

पुढचा म्हणजे पुढचा कोसमिनार. बंगालहून काबूलला जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर कोसाकोसावर बांधलेले हे विटांचे मनोरे. अंबाल्याच्या पुढे बसच्या खिडकीतून तुम्हीही पाहिले असतील आणि वीटभट्टीचं धुराडं समजून सोडून दिले असतील. मीही तेच केलं होतं.

काका मूळचे वर्ध्याचे. पुरातत्त्व खात्यातून चंदीगडला निवृत्त झाले आणि शेजारच्या खरड गावात आमच्याच इमारतीत राहिले. काकू गेलेल्या, मुलगा कॅनडात. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे रविवारी माझी सुटका नसायची.

"झोपून काय करून राहिला बापा? चाल!"

चंदीगडच्या सेक्टर ४३हून बस, डब्यात पोळी-झुणका. मिनाराशी पोचलं की काका आधी विटांच्या फटीतली पिंपळाची रोपटी उपटायचे. "कोवळं असतानाच काढा लागते. मोठं झालं की मिनार फोडते." एवढा वेळ त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. एरवी आठवडाभर घरात फक्त टीव्ही बोलायचा.

एकदा काकांनी फटीत हात घातला, तोच मागून नवा चौकीदार ओरडला, "अंकलजी, हाथ मत लगाओ! सरकारी है, बोर्ड पढ़ो!"

तो निळा बोर्ड काकांनीच नोकरीत असताना लावून घेतलेला. मला हसू आवरेना. काका मात्र खूश. "पाहिलं? लक्ष ठेवते लेकाचा!" त्याला पोळी खाऊ घातली, रोपटं मुळासकट कसं काढायचं तेही शिकवलं.

परतीच्या बसमध्ये काका अंबाला आल्यावर म्हणाले, "आता माझं काम नाही तिथं."

पुढच्या रविवारी माझं दार वाजलं नाही. थंडी सरायच्या आत काका मुलाकडे निघून गेले. खरडमध्ये इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

मध्यंतरी एकटाच मिनारापाशी गेलो. चौकीदार दिसला नाही. फटीत वीतभर पिंपळ डोलत होता. मी तिथूनच फोन लावला. "काका, पिंपळ आलाय."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग रविवार सकाळचा तो जुना आवाज. "खरंच? तू हात नको लावू. मी येतो ना!"

काकांचे गुडघे धड नाहीत, मुलगा एकटं सोडत नाही. तरी आता दर रविवारी त्यांचा फोन येतो.

"आहे ना रे अजून?"

"आहे, काका."

"राहू दे. मी येतोच."

मुळं विटांत शिरली आहेत. मी त्यांना सांगत नाही आणि तेही विचारत नाहीत.