मावशीच्या वाट्याला शून्य

बारावीच्या गणित-संख्याशास्त्रात कामवाटपाचा धडा आला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. कोणाला कोणतं काम दिलं की एकूण वेळ कमीत कमी लागेल, ते काढायचं. सर म्हणाले, प्रकल्पाला खरं उदाहरण आणा. मला आमची रोवणी सुचली.

मोहाडीजवळच्या आमच्या गावात बायका धान रोवायला एकमेकींच्या वावरात जातात. मजुरी नाही, कामाच्या बदल्यात काम. सगळ्या एका ओळीत वाकतात. एखादीचा हात संथ असला तर शेजारची तिचं थोडं उरकून घेते. मला हा सगळा ढिसाळ कारभार वाटला. मी एकेकीला एकेक बांधी, म्हणजे बांधानं घेरलेला वावराचा एकेक तुकडा, वाटून दिली. एक बाई जास्त निघाली. अशा वेळी पुस्तकात एक नसलेलं काम धरतात, डमी. त्याला लागणारा वेळ शून्य. ते आलं शेजारच्या मावशीच्या वाट्याला, कारण तिचे गुडघे दुखतात. मला वाटलं, बरंच झालं, बिचारीला आराम.

आई कौतुकानं फुलली. "माह्या पोरीनं हिशेब काढला," असं सांगत तिनं मावशीला निरोप धाडला, "यंदा आमच्याकडं नोको येऊ, आराम कर." फेरीतलं पहिलं वावर आमचंच; तिथली रोवणी दुपारीच आटोपली. सरांनी पूर्ण गुण दिले.

मग फेरी पुढच्या वावरांत गेली. मावशीच्या एकुलत्या बांधीकडं कोणीच वळलं नाही. जी पहिल्या वावरात आली नाही ती फेरीत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. गणित मांडताना ते आठवलंच नाही, याची मला अजून लाज वाटते. रोवणीसाठी वाढवलेली तिची रोपं, तिचे पऱ्हे, पिवळे पडू लागले होते, आणि कॉलेजला जाताना मी तिकडं बघायचं टाळत होते.

एका सकाळी ती एकटीच रोवताना दिसली. दर चार रोपांनी गुडघा धरून थांबत होती. मला राहवलं नाही. मी बांधावर चपला काढल्या आणि रोपांची पेंढी उचलली.

ती उभी राहिली. चिडलेली नव्हती.

"ठेव ते खाली, बाई," ती म्हणाली. "तुमच्या वावरात मी कुठं आली यंदा? मंग माह्या वावरात तू कायले येऊन राहिली?"

मी पेंढी खाली ठेवली.