गेलाय तो, बदल

परवा तो अभिनेता गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये राजमा-भात खात होते. समोरच्या मुलीनं फोन दाखवला. "ओ नो, हे अंकल गेले," म्हणाली आणि लगेच विचारलं, "तू दही घेणारेस का?" मी दही घेतलं. हा माणूस मालिकेत कितीतरी वर्षं सगळ्यांचा बाप होता. आमच्या घरी तर रोज जेवायच्या वेळेला यायचा. पण मला काही वाटलं नाही. त्याआधी एक नटी गेली होती, तिच्याआधी एक हॉकीवाला. दर वेळी मी ग्रुपवर जोडलेले हात पाठवते आणि पुढच्या कामाला लागते.

घरी मात्र प्रत्येक मृत्यूची अंमलबजावणी होते.

माझी आई माझ्याकडे राहते. ती लोणी काळभोरची. मला भाऊ नाही. माझे वडील, आप्पा, गेल्यावर "जावयाच्या दारात कसं ऱ्हायचं" असं म्हणत म्हणत ती आली आणि राहिली. तिचा एक नियम आहे. गेलेला माणूस टीव्हीवर चालता-बोलता दिसला की ती म्हणते, "गेलाय तो, बदल." मग चॅनेल बदलायचं. मालिका असो, सिनेमा असो, साबणाची जाहिरात असो. कोण आहे आणि कोण गेलं, हे तिला तोंडपाठ असतं.

माझा नवरा कसब्यातला. तो एकदा म्हणाला, "आई, आपण असंच चालू ठेवलंत तर दिवाळीपर्यंत फक्त हवामानाचा अंदाज उरेल."

"त्यो सांगणारा बी थकलाय आता," आई म्हणाली.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. आप्पा हडपसरच्या कारखान्यात फिटर होते, आई शाळेची पायरी चढली नाही. पुण्यात कंपन्या यायला लागल्या तेव्हा मी डिग्री घेऊन तयार होते, आणि सॉफ्टवेअर तपासायचं काम आजवर चोख करत आले आहे. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. आईला मी कितीदा समजावलं असेल, "अगं, ते आधी भरून ठेवलेलं असतं. त्यात माणूस नसतो."

"न्हाई कसा? बोलतोय की."

"मग भिंतीवर आप्पांचा फोटो चालतो तो?"

"फोटू गप असतो," आई म्हणाली. विषय संपला.

खरा प्रश्न टीव्हीचा नव्हताच. माझ्या लग्नाची एक व्हिडिओ कॅसेट होती. आप्पा गेले ते हातातल्या फोनमध्ये चित्रं घेता येण्याआधी, त्यामुळे हलणारे आप्पा फक्त त्या कॅसेटमध्ये. आईनं ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि माझ्याकडून शब्द घेतला. "मी जिती हाय तवर लावायची न्हाई." मी लग्नानंतर ती एकदाच पाहिली होती, तीही सासरी, पाहुण्यांना चहा देता देता, दारातून. पुढे कॅसेटीला बुरशी धरेल म्हणून शनिवार पेठेतल्या एका दुकानातून पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली. दुकानदारानं विचारलं, "चेक करायची का, ताई?" मी नको म्हटलं. शब्द दिला होता.

आणि मला आप्पांचा आवाज आठवेनासा झाला होता. ते काय बोलायचे ते आठवायचं. आवाज नाही. कोणाला सांगण्यासारखं नव्हतं हे. पेन ड्राइव्ह टीव्हीखालच्या खणात होता, आई समोर सोफ्यावर, आणि मध्ये तो शब्द.

अभिनेत्यानंतर आठवडाभरात एक जुना फलंदाज गेला. रविवार होता. नवरा त्याच्या आईकडे गेला होता. मी मटार सोलत होते आणि बातम्यांत त्या फलंदाजाची जुनी खेळी दाखवत होते. आई म्हणाली, "गेलाय तो..." आणि थांबली.

मी रिमोट उचलला होता.

"ह्यो त्योच ना? ह्याच्यापायी तुझा मुहूर्त टळला?"

तोच होता. लग्न गावातल्या मंगल कार्यालयात होतं आणि त्याच दिवशी मॅच. मॅनेजरच्या खोलीत टीव्ही होता. भटजींनी "वधूपिता कुठे आहेत?" म्हणून दोनदा विचारलं, अक्षता वाटून झाल्या, आणि वधूपिता गायब. मामानं शोधून आणेपर्यंत मुहूर्त निघून गेला होता. आई आप्पांना हे शेवटपर्यंत ऐकवत राहिली. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मुहूर्तावर यायची.

आता ती चष्मा लावून त्या फलंदाजाकडे बघत बसली. त्यानं एक चेंडू सीमेपार धाडला, मग आणखी एक. मी बदललं नाही.

"ग्वाड खेळतंय की," ती म्हणाली. "मला वाटायचं उगी काहीतरी बघत बसत्यात." थोड्या वेळानं म्हणाली, "ती कॅसेट लाव. बघू तरी, कुठं बसलं हुतं."

"नक्की?"

"लाव म्हनलं ना."

मी हात पुसले आणि खणातला पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. फुलांच्या पाकळ्यांतून आमची नावं आली. पाहुणे, पंगत, हारांचं ताट. आई एकेकाकडे बोट दाखवून "हा गेला, ही गेली" म्हणत होती, पण बदल म्हणत नव्हती. मी वाट बघत होते ती फक्त आवाजाची. शूटिंगवाल्याला मुलीच्या बापाचा शॉट हवा असणार. कॅमेरा मामाच्या पाठोपाठ मॅनेजरच्या खोलीत शिरला. पाठमोरी माणसं, कपाटावर छोटा टीव्ही, त्यात पांढरट ठिपक्याएवढा तो फलंदाज. एका माणसाचा फेटा कलला होता. तो वळला. आप्पा. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून बोट वर केलं आणि हसत काहीतरी म्हणाले.

आवाज नव्हता. सनई होती. मी पुढे ओढून पाहिलं, मागे घेऊन पाहिलं. त्या काळी शूटिंगवाले सगळा आवाज पुसून वर सनई टाकायचे. पहिल्या पाकळीपासून शेवटच्या पाकळीपर्यंत एकच सनई. मला रडू आलं नाही. ऑफिसात एखादी गोष्ट चालत नाही हे कळल्यावर वाटतं तेवढंच वाटलं.

"गपच हायत की," आई म्हणाली. ती पुढे सरकली होती. "परत घे."

मी परत घेतलं. आप्पा वळले, बोट वर केलं, ओठ हलले.

"'आलो, आलो' म्हणतायत बहुतेक," मी म्हटलं.

"न्हाई. तुला कळत न्हाई." तिनं त्यांच्यासारखंच बोट वर केलं. "'एवढी ओव्हर,' म्हणत्यात. 'एवढी ओव्हर हू दे, मग चला.'"

बरोबर होतं. ओठ तसेच हलत होते. तरी मला आवाज आठवला नाही.

चित्र पुढे गेलं, मामानं आप्पांच्या दंडाला धरलं. मी रिमोटकडे हात नेला. मटार अर्धेच सोलून झाले होते.

"बंद नको करू," आई म्हणाली. "परत माघारी घे. हू दे त्यांची ओव्हर."