नंबराचा दगड

सकाळी ऑफिसचं शटर वर गेलं की हरिबा आधी कॉम्प्युटर लावत, उपरण्याच्या टोकानं पडदा पुसत आणि वरपासून खालपर्यंत एकेक ओळ बोटानं दाखवत नावं म्हणत. पडद्यावर गाड्यांचे नंबर असायचे, हरिबा त्यांची माणसं करत. बिराप्पा, हंबीरराव, रविराज... शेवटच्या नावापर्यंत पोचल्यावरच ते चहाला हात लावत. चहा आणणारा म्हणायचा, "आबा, या वयात देवाची नावं घ्यावी." हरिबा म्हणत, "देव काय नंबराला लागत न्हाई."

महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं गाडी चालवली. पुढं समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांत पसरू लागला, तेव्हा त्यांनी घाटाला हात जोडले आणि किल्ली मुलाच्या हातात दिली. संघटनेनं त्यांना नंबर सांभाळायला बसवलं. नंबर म्हणजे पाळी. ज्याची गाडी आधी लागली, त्याला गिऱ्हाईक आधी.

त्या काळी गाड्या उतारावर ओळीनं उभ्या असत. कुणाला अडचणीनं जावं लागलं, तर तो आपल्या जागी दगड ठेवून जाई. गिऱ्हाईक आलं की मागचा ते घेई, पण दगडाची जागा पुढंच राही. कुणाचा दगड, कशासाठी, हे सगळ्या स्टँडला ठाऊक असे. कारण खोटं वाटलं तर तो दगड पायानं बाजूला सारायचा हक्क एकट्याचा, लगेच मागं उभा असेल त्याचा. असं फार वेळा घडलं नाही. दगड ठेवणाऱ्याला मागच्याच्या तोंडाकडं बघून ठेवावा लागे, तेवढं पुरे होतं.

मग गर्दी वाढली, रस्त्यावरची रांग बंद झाली, गाड्या पार्किंगमध्ये विखुरल्या. नंबर फोनवर आला. कुपवाडच्या एका लहानशा कंपनीनं ती व्यवस्था करून दिली. तिथली संयोगिता नावाची मुलगी दोन दिवस येऊन राहिली. सगळी पाळी डिस्कवर न ठेवता थेट मेमरीत ठेवली आहे, म्हणून बोट लावताच सापडते, असं तिनं सांगितलं. ड्रायव्हरनं दर दोन तासांनी फोनवर 'आहे' दाबायचं. नाही दाबलं तर नंबर आपोआप गळून जातो.

हरिबांच्या पडद्यावर तिनं ही मेमरी नजरेला दिसेल असं एक टूल लावून दिलं. आज्ञा टाइप करायची गरज नव्हती. प्रत्येक नंबरची एक ओळ, शेजारी उरलेला वेळ घटत जाणारा, आणि वर मेमरी किती भरली ते दाखवणारी हिरवी रेघ.

"ही रेघ लाल झाली की मला फोन करायचा, आबा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"गाडीत बसून ब्रेकला हात लावायचा न्हाई म्हन की," हरिबा म्हणाले.

एकदा दुपारभर डोंगरावर मोबाईलला रेंजच नव्हती. कुणाला 'आहे' दाबता येईना आणि सगळ्यांचा वेळ संपत आला. तेव्हा ऑफिसच्या जुन्या फोनवरून संयोगितानंच त्यांना शिकवलं. ओळीवर जायचं, वेळेचा आकडा पुसायचा, खूण करायची. मग त्या नंबराला मुदत राहत नाही. हरिबांनी फोन ठेवला आणि शेजारच्याला म्हणाले, "ह्यात दगड ठिवता येतो की."

मे महिन्यात, ऐन गर्दीत, स्टँडवरच्या मल्हार ड्रायव्हरच्या बायकोला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. तो तिला घेऊन साताऱ्याला गेला. जाताना त्याला कशाचं भान नव्हतं. त्याचा नंबर जवळजवळ वर आला होता. एकदा गळाला तर तो तळाशी जाणार, आणि पुण्या-मुंबईची लांबची फेरी मिळेपर्यंत हंगाम सरून जाणार. दवाखाना तर त्या फेऱ्यांवरच भागायचा होता. हरिबांनी घटणाऱ्या आकड्याकडं थोडा वेळ पाहिलं आणि तो पुसून टाकला.

स्टँडवर गोष्ट लपत नाही. दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. "आबा, माझाबी दगड ठिवा की, मेव्हण्याची हळद हाय." "आबा, गाडीला क्लच टाकतोय." हरिबांना नाही म्हणता येईना. मल्हारला दिलं ते दुसऱ्याला कसं नाकारायचं? त्यांनी दगड ठेवत नेले.

आणि रांग तुंबली. गिऱ्हाईक आलं की फोन वरच्या नंबरला वाजे, उत्तर नसलं तर थांबून पुढच्याला. वर सगळे दगडच. बायकापोरं घेऊन आलेली माणसं उन्हात ताटकळत आणि शेवटी खासगी गाडीत बसून निघून जात. हिरवी रेघ तेवढी शांत होती. मेमरीच्या हिशेबानं काहीच बिघडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रविराज खिडकीशी आला. सकाळपासून तो पार्किंगमध्ये गाडीजवळ उभा होता. मागं आणखी सात-आठ जण.

"आबा, माज्यापुढं मानसं हायत का नुसते धोंडे?"

"अडचनीतली मानसं हायत."

"कंची अडचन? त्यो बिराप्पा मघाशी वडापाव खात हुता. समदे दगड काढा. न्हाईतर खुर्ची सोडा."

हरिबांनी पडद्याकडं पाहिलं. सगळे दगड काढले तर मल्हारचाही निघणार होता, आणि ठेवले तर रविराजचं म्हणणं खोटं नव्हतं. मग त्यांना दिसलं की हा माणूस तीन दिवस कुणाच्या मागं उभा आहे, हे त्याला ठाऊकच नाही. रस्त्यावरचा दगड सगळ्यांना दिसायचा. हा फक्त त्यांना एकट्यांना दिसत होता.

ते उठले. वायरी ओढून सैल केल्या आणि मॉनिटर उचलून खिडकीकडं तोंड करून ठेवला.

"वाचा. ज्याच्याम्होरं मुदत न्हाई, त्यो दगड. ज्याच्या मागं ज्यो हाय, त्यानं सांगावं."

माणसं काचेला चिकटली. एकदम हसू फुटलं.

"हंबीरराव, तुमच्या मेव्हण्याला किती येळा हळद लावताय?"

"काढा आबा, माझा काढा," हंबीरराव मागूनच म्हणाले.

"बिराप्पाच्या मागं मी," दुसरा एक जण ओरडला. "काढा. वडापाव पचला आसंल."

हरिबा खिडकीतून वाकून उलट्या बाजूनं माऊस हलवत होते. एकेक दगड निघाला, की ती ओळ गळून तळाशी जाई. शेवटी सगळ्यांत वरची ओळ राहिली. तिच्याखाली आता रविराजचा नंबर होता.

"ह्यो कोन?" रविराजनं विचारलं.

"मल्हार. साताऱ्यात हाय. पोर काचंच्या पेटीत ठिवलंय."

रविराजनं काचेवरचा हात काढला. बाहेर एक कुटुंब सामान घेऊन उभं होतं, पुण्याला जायचं होतं.

"त्याला फोन वाजून बंद व्हईस्तवर किती येळ जातो?"

"दहा मिन्टं."

"मग ऱ्हाऊ द्या त्यो. तवर ह्यांस्नी च्या पाजतो मी." आणि तो त्या कुटुंबाकडं गेला. "या साहेब, गाडी लागंस्तवर हिकडं सावलीला बसा."

मल्हार बाळ-बाळंतिणीला घरी सोडून आला तेव्हा त्याचा नंबर वरच होता. पुढं संयोगितानं दगडाला लाल ठिपका दिला आणि वाजणारा फोन त्याला ओलांडून जाईल असं केलं. मॉनिटर मात्र खिडकीकडंच राहिला. हरिबांना तो तिरका दिसे, मान अवघडे. सकाळी नावं म्हणायला ते बाहेर पायरीवर उभे राहत. कधी कुणी ड्रायव्हर शेजारी येऊन थांबे आणि आपलं नाव येईपर्यंत हलत नसे.

त्या पावसाळ्यात, स्टँड थंडावल्यावर, हरिबांना साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून ते परतले नाहीत. न्यायला मल्हारचीच गाडी होती. तिच्यात बसताना त्यांनी ऑफिसकडं वळून पाहिलं आणि शटर ओढणाऱ्या रविराजला सांगितलं, "मॉनिटरवर प्लॅस्टिक टाक रं. त्या खिडकीतनं पावसाची झड येतीया."