खो मिळण्याआधी उठणारी संगी

संगी काल गेली.

अन्याय झाला, असं मी लिहिणार नाही. तो शब्द तिला चालत नसे.

संगी म्हणजे संगीता. दारव्ह्याच्या कॉलेजात आमच्या खो-खो टीममधली सगळ्यात फास्ट पोरगी. नंतर महागावकडच्या एका शाळेत पीटी टीचर. ताप अंगावर काढला, तेवढंच निमित्त झालं.

टीमचा फोटो शोधला. एकच आहे, आणि त्यात नेमकी तीच हललीय.

कापसाला भाव नसलेली ती वर्षं. संगीला पोलिसात जायचं होतं. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये नाव लागलं, की खेळाडूंच्या कोट्यातून भरतीला उभं राहता येईल, एवढीच तिची आशा. आणि कॉलेजचं शेवटचं वर्ष.

सिलेक्शनला आमच्यातून ती एकटी गेली. नाव आलं नाही.

झालं, कॉलेज पेटलं.

"शहरातल्याच पोरी घेतेत, आपल्याले कोण पुसते!"

तेव्हा आमच्याकडे सगळ्याचं उत्तर अन्याय हेच होतं. गॅदरिंगच्या नाटकाला बक्षीस नाही, अन्याय. आमचा पुढारी गजूभाऊ वर्गाचा सीआर झाला नाही, अन्याय. सीआर मार्कांवर निवडत आणि गजूभाऊचे दोन विषय राहिले होते, पण ते कोण बोलणार.

गजूभाऊनंच गेटला कुलूप ठोकलं. "संगीताला न्याय द्या!" असा बॅनर लागला. संगीला कुणी विचारलंच नव्हतं. ती गावी होती, तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

जीपमधून उतरली ती थेट गेटवर. गजूभाऊनं टाळ्यांच्या गजरात माईक दिला.

"माह्यावर अन्याय नाही झाला," ती म्हणाली. "मी खो भेटाच्या आधीच उठून राह्यलती. शिट्टीवर शिट्टी वाजली. मी सिलेक्टर असती, तर मीबी मले घेतलं नसतं."

टाळ्या थांबल्या.

खो-खोत पाठीवर हात पडून 'खो' ऐकू आल्याशिवाय उठायचं नसतं. उठलात की फाउल.

संगी उठायची. आमच्या ग्राउंडवर तिला खो द्यायला बहुतेक मीच यायचे. माझी पावलं तिच्या ओळखीची. माझा हात टेकेपर्यंत ती अर्धी उभी असायची. आमचे खेळाचे सर शिट्टी वाजवायचे नाहीत. उलट म्हणायचे, "काय स्पीड आहे पोरीचा!"

सिलेक्शनला मागून धावणाऱ्या पोरी अनोळखी होत्या. सवय तीच राहिली.

गजूभाऊ हळूच म्हणाला, "अवं, हे माईकवर कायले सांगून राह्यली? भरती पाहिजे ना तुले?"

"पाहिजे ना, भाऊ. पण जिचं नाव लागलं, तिनं काय वाकडं केलं तुमचं?"

गेट उघडलं. पोरं म्हणाली, संगीला कुणीतरी फोडलं. कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलावर मी सोडून कुणी बसेना. रागावले तर मीही होतेच.

"काहून वं, चूप नाही बसता आलं?"

"बसताच तर येत नाही ना मले," म्हणाली आणि हसली.

पोलिसात ती गेली नाही. त्याचं तिला वाईट वाटायचं, आणि ती ते लपवायचीही नाही. भरतीची बातमी आली की पेपर उलटा करून ठेवायची.

पुढे तालुक्याच्या मॅचेसना ती अंपायर असायची. कुणी आधी उठलं की शिट्टी. सगळ्यात जास्त तक्रार तिच्याच शाळेच्या पोरींची. "मॅडम, आपल्याच टीमवर अन्याय?"

"बस खाली," एवढंच उत्तर.

त्याच पोरी काल तिच्या अंत्यदर्शनाला रांगेत उभ्या होत्या. कुणीही न सांगता.

मी मागेच उभी राहिले. मला खरंच वाईट वाटतंय, संगे. दुसरा शब्द सापडत नाही.

या वेळी कुणाची पावलं ऐकलीस?

माझी नव्हती. मी पोचलेच नव्हते गं अजून. खो दिलाच नव्हता कुणी.

फाउल आहे हा.

पण तुला 'बस खाली' म्हणायला कुणी उरलं नाही. नीट जा.