शिट्टीवाल्याची साक्ष

शिट्टीवाला म्हणजे तबेल्यातला घोड्यांची निगा राखणारा जुना मोतद्दार. शर्यत जिंकलेल्या घोड्याची लघवी तपासणीला घेतात, आणि घोडा काही कुणाच्या हुकमावर मुतत नाही. पण यानं लांबलचक शिट्टी घातली की आडमुठ्यातलं आडमुठं जनावरही पाय फाकवायचं. म्हणून हे नाव.

आणि अशा माणसानं काय करावं? कंबर धरलेली, डॉक्टरच्या गोळ्या चालू, संडास मैदानाच्या पार त्या टोकाला. एवढं कोण चालतो म्हणून हा बाबा आपल्या हातच्या घोडीच्याच कोपऱ्यात पेंढ्यावर मोकळा व्हायचा. म्हातारे ट्रेनर सगळ्यांना बजावून थकले होते, "जनावराच्या जागेत घाण करायची नाही." याला वाटायचं, म्हाताऱ्याची नसती कटकट. घोडी मात्र तो खारट पेंढा मिटक्या मारत खायची.

घोडी जिंकली. यानंच शिट्टी घातली, बाटली भरली, सील लागलं. निकाल आला तो असा, की घोडीच्या अंगात दुखणं दाबायचं औषध आहे. चौकशीत औषधाचं नाव वाचलं, तेव्हा दाराशी उभ्या शिट्टीवाल्याचा हात खिशावर गेला. तेच नाव आतल्या गोळ्यांच्या पाकिटावर होतं.

"सुया टोचणारे राजरोस कप नेतात," ट्रेनर म्हणाले, "आणि मी जन्मात औषधाला शिवलो नाही, तर मी चोर?"

"तुमच्या मोतद्दारावर संशय?" चौकशी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"त्याच्यावर? आधी माझ्यावर घ्या."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मेल्यानं ते सांगितलं घरी जाऊन बायकोला. तिनं तोंडावर ऐकवलं, "तुमची नोकरी जाईल, जाऊ द्या. त्यांचं अख्खं नाव जातंय." तरी हा तारखेमागून तारीख जाऊ देत अन्न चिवडत बसला. घोडीला खरारा करतानाही तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

शेवटच्या तारखेला मात्र उठला. "साहेब, ते औषध माझं आहे. मी पेंढ्यात मुतायचो, तो घोडीनं खाल्ला."

सगळे खो खो हसले. पेंढा कधीच उकिरड्यावर गेला होता. त्यानं गोळ्यांचं पाकीट पुढे केलं.

"हे काय, कुठल्याही दुकानात मिळतं," अध्यक्ष म्हणाले. "इतके दिवस कुठे होतात? की पाठ व्हायला वेळ लागला?"

ट्रेनरचं लायसन्स गेलं.

बाहेर पायऱ्यांवर ट्रेनरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे भरले होते त्यांचे. "खाल्ल्या मिठाला जागलास रे. माझ्यासाठी चारचौघांत हसं करून घेतलंस."

"साहेब, खोटं नव्हतं ते. शप्पथ."

"पुरे. आता आपल्या दोघांत कशाला नाटक?" म्हातारा कित्येक दिवसांनी हसला. "मी एकदा नको म्हटलेलं तू कधी केलंयस का?"