व्याहीबुवांचा स्कीपटू

मी नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली. खो-खोचे संघ घडवले, मुलींना घेऊन मनमाडपासून पेठपर्यंत सगळी मैदानं पालथी घातली. बर्फावरून घसरणारी माणसं मात्र टीव्हीवरसुद्धा कधी नीट पाहिली नव्हती. ती माझ्या घरात आली नातीमुळे.

मुलगा ऑस्ट्रियात नोकरीला आहे, सून तिथलीच, नात नऊ वर्षांची. सुनेचे वडील, म्हणजे माझे व्याही, त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर राहतात. नात त्यांना ओपा म्हणते. ओपा म्हणजे तिकडचे आजोबा. ते तिला रोज शाळेतून आणतात, हिवाळा लागला की शनिवारी डोंगरावर नेतात. मला ती भेटते रविवारी दुपारी, फोनवर, अर्धा तास. तेवढ्यातही ओपांनी हे केलं, ओपांनी ते दिलं. मी हसून ‘हो का?’ म्हणायचे आणि फोन ठेवला की ओट्यावरची भांडी जरा जोरातच आपटायचे.

गेल्या वर्षी जानेवारीत ती म्हणाली, “आजी, शाळेत प्रोजेक्ट आहे. जगातला आत्तापर्यंतचा सगळ्यात भारी स्कीवाला कोण, ते सांगायचं.”

“मग कोण गं?”

“ओपा म्हणतात, त्यांच्या तरुणपणी एक होता, तो. डाउनहिलवाला. सरळ खाली, जामच फास्ट! तुला कोण वाटतं?” आणि मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “अरे, पण तुला कुठे स्की माहितीये!”

तिच्या मनात काही नव्हतं. पण मला ते लागलं. खेळातलं मला कळत नाही, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी फोनवर स्कीइंगशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या, वरणाचा लगदा झाला. डाउनहिल म्हणजे नुसता वेग. स्लॅलम म्हणजे बर्फात रोवलेल्या काठ्यांमधून डावीकडे-उजवीकडे वळत खाली यायचं. ते पाहिलं आणि मी उठूनच बसले. ही तर आमची एकेरी साखळी! खो-खोत पळणारी मुलगी बसलेल्या गड्यांमधून नागमोडी जाते, तेच हे. तोच गुडघा, तीच कंबर, तशीच पुढच्या वळणावर आधी पोचलेली नजर. स्लॅलममधली हल्लीची एक मुलगी मला फार आवडली. वळताना तिचं डोकं हलतच नव्हतं. जिंकलेल्या शर्यती इतक्या, की मोजताना मी दोनदा चुकले.

पुढच्या रविवारी मी तयारीनिशी बसले. “सगळ्यात भारी ही,” मी नातीला सांगितलं. “उतारावरून सरळ कोणीही सुटेल. वळणं घेताना तोल राखणं, हा खरा खेळ.”

ओपा तिथेच होते. पडद्याच्या कडेला त्यांचा पांढरा कल्ला आणि अर्धा कान दिसत होता. नातीने माझं म्हणणं त्यांना जर्मनमध्ये सांगितलं. ते काहीतरी बोलले आणि मोठ्याने हसले.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, मोजून काय कळतं? त्यांनी त्याला शर्यतीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि विचारतायत, तू कधी बर्फावर उभी राहिलीयेस का?”

कानशिलं तापली माझी. “त्यांना सांग, दहा मिनिटांत परत फोन करते.”

मी गच्चीवर गेले. शेजारच्यांच्या मिळून आठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या एका ओळीत मांडल्या, साडीचा पदर खोचला आणि आमच्या ह्यांच्या हातात फोन दिला. ते म्हणाले, “अगं, वय काय तुझं?” मी म्हटलं, “तुम्ही फक्त फोन सरळ धरा.” आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी आठ खुर्च्यांमधून साखळी घेतली. जाऊन आले, दोनदा. एकाही खुर्चीला धक्का नाही.

नात टाळ्या पिटत होती. “आजी, परत! परत!” ओपा आता पडद्यावर पुरते दिसत होते. ते हसले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या होत्या, पण मी जिंकले असं मला वाटलं.

महिनाभराने प्रोजेक्ट झाला. नातीने चित्रांचा मोठा तक्ता दाखवला. मधोमध ओपांचा डाउनहिलवाला. ओपा तिला गाडीत घालून दोन तासांवरच्या संग्रहालयात घेऊन गेले होते, तिथल्या जुन्या लाकडी स्कींना हात लावू दिला होता. मी सुचवलेली मुलगी तक्त्यावर कुठेच नव्हती.

“आणि आपली स्लॅलमवाली?” मी विचारलं.

“जागाच नाही उरली, आजी.”

“छान झालंय हं,” मी म्हटलं. आवाज नीट ठेवला. पण पुढच्या रविवारी बहिणीला बरं नाही असं सांगून कळवणला गेले. बहीण ठणठणीत होती. मला बघून म्हणाली, “अशी अचानक?” मी तिच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले. तिकडे फोनची वेळ टळून गेली. त्याच्या पुढच्या रविवारी देवळात गेले.

“जळतेस तू त्या माणसावर,” आमचे हे म्हणाले.

“मी कशाला जळू?”

“ते मला काय माहीत. जळतेस, एवढं दिसतंय.”

तेव्हा मात्र मला रडू आलं. म्हटलं, “त्यांच्याकडे डोंगर आहे. ते तिचा हात धरून तिला वर नेतात. माझ्याकडे काय आहे? गच्ची!” त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला, साखर घालायला विसरले, आणि आम्ही तो तसाच प्यायलो.

मुलाचा फोन आला तो बुधवारी, ऑफिसातून. “आई, तू फोन का टाळतेस? ती विचारते रोज.”

“तिला ओपा आहेत ना.”

तो म्हणाला, “ओपा पण असेच रुसलेत. ती डोंगरावर सगळ्या काठ्यांमधून साखळी घेत सुटते. सरळ खाली यायला तयारच नाही. त्यांनी काही शिकवलं की म्हणते, आजी असं नाही सांगत. परवा हिला म्हणाले, ती बाई सहा हजार किलोमीटरवरून माझ्या नातीला स्की शिकवते, मग मी इथे कशाला हवा?”

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. त्या म्हाताऱ्याला झोंबलं, याचा. नंतर दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहिली, कारण पत्नी गेल्यापासून तो माणूस एकटाच राहतो हे मला माहीत होतं. रविवारी मी बरोबर वेळेवर फोन घेतला आणि स्वतःहून म्हणाले, “ओपांना बोलव.” ते आले. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्यांच्या डाउनहिलवाल्याबद्दल विचारलं: इतक्या वेगात तो गुडघे कसे सांभाळायचा? पाऊण तास बोलले ते. नात कंटाळून निघून गेली. निम्मं मला कळलं नाही. पण माझ्या स्लॅलमवालीला त्यांनी शेवटपर्यंत पहिला नंबर दिला नाही, आणि त्यांच्या माणसाला मीही दिला नाही.

या डिसेंबरात सगळे नाशिकला आले, ओपासुद्धा. उंच, सावकाश चालणारे. जिना उतरताना कठडा घट्ट धरायचे. गुडघे संपले होते. दोन हिवाळे स्वतः स्की केलं नव्हतं, नुसते खाली उभे राहून नातीला बघायचे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पीटीच्या बाईच्या आवाजात म्हटलं, “पाय सरळ. वर. धरा. दहापर्यंत.” ते मुकाट्याने करायला लागले. नात शेजारी उभी राहून जर्मनमध्ये आकडे मोजत होती. आठव्या दिवशी ते कठड्याला हात न लावता जिना उतरले आणि खालून मला हाक मारून दाखवलं.

निघायच्या आदल्या दुपारी अंगणात पुन्हा तोच वाद निघाला. मी माझ्या स्लॅलमवालीची बाजू घेतली, त्यांनी त्यांच्या माणसाची. नात दोघांचं भाषांतर करता करता दमली. “तुम्ही दोघं बोला आपापसात,” म्हणाली आणि ओपांच्या मांडीवर डोकं टाकून झोपली.

मला टोचलं. अजूनही टोचतं. मी आतून चादर आणली आणि तिच्या पायांवर घातली. पाय माझ्या बाजूला होते.