सैंधवाची डबी आणि एदलाबादचं भरीत

डॉक्टर म्हणाले, "जा खुशाल, पण पथ्य बरोबर घेऊन जा," आणि त्याच संध्याकाळी मी माळ्यावरून ट्रंक काढली. आमचे हे धुळ्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. वर्षभरापूर्वी रक्तदाब निघाला, पाठोपाठ मूत्रपिंडं अर्धीच काम करतात हेही निघालं. तीन महिने मीठ बंद, रोज सर्पगंधेच्या गोळ्या, तरी पारा एकशे नव्वदच्या खाली यायला तयार नाही. "सुट्टीनंतर पुन्हा तपासू. तेव्हाही उतरला नाही, तर उरलेली मूत्रपिंडंही हातची जातील," असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ह्यांना मी अवाक्षर बोलले नाही. नुसतं घरात बसून पारा मोजण्यापेक्षा नाताळच्या सुट्टीत एदलाबादला नानाकडे जाऊन येऊ म्हटलं. नाना माझा थोरला भाऊ, केळीचा बागायतदार. वर्षातून चार पत्रं पाठवून भांडतो, की तुम्ही येत नाही.

ज्यांच्या घरी पथ्याचं माणूस आहे त्यांनी ऐका. प्रवासात एखादं धोतर विसरलं तरी चालेल, डबा विसरू नका. मी दुधात भिजवून दशम्या केल्या, बटाट्याची कोरडी भाजी केली आणि माझी पितळेची डबी घेतली. तीत सैंधव. मिठाच्या बरणीला मी तीन महिन्यांत हात लावला नव्हता हो! पण सैंधव कुठे मीठ? आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या एकादशीला मीठ वर्ज्य आणि सैंधव चालतं. तेच मी ह्यांच्या आमटीत, भाकरीत घालायची, आणि हे म्हणायचे, "तुझ्या अळणी स्वयंपाकालाही चव आहे." मी अशी फुलायची म्हणता!

धुळ्याहून सकाळची जळगाव मोटार पकडा, उन्हं चढायच्या आत पारोळा मागे पडतं. स्वराज्य आलं तरी रस्त्यातले खड्डे मात्र इंग्रजांच्याच वेळचे आहेत. पारोळ्याला एक आजी कापसाचं गाठोडं घेऊन चढल्या आणि सगळ्या मोटारीला हुकूम सोडला, "बठ्ठा जन सरका, आठे जागा शे!" जागा नव्हतीच, पण सगळे सरकले. आजीबाईंनी ह्यांना शेव देऊ केली. मी आडवा हात घातला, "त्यांना मीठ बंद आहे."

"मंग जगतस कसा?" आजीबाईंनी डोळे विस्फारून विचारलं. हे इतके हसले की मलाही हसू आलं.

एरंडोलला उतरून टांग्याने पद्मालयाला गेलो. टांगेवाला दोन रुपये म्हणाला, दीडवर आला. वाट दगडाधोंड्याची आहे, कमरेखाली घोंगडी घालून घ्या. देवळात एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एक डाव्या सोंडेचा, एक उजव्या. बाहेरच्या तळ्यात कमळं. ह्यांनी वही काढली आणि तासभर जागचे हलले नाहीत. मी दोन्ही गणपतींना एकच मागितलं, पारा उतरू दे. दुपारी तळ्याकाठी दशम्या सोडल्या. ह्यांनी दोन जास्त खाल्ल्या, आणि मला वाटलं, देव ऐकतोय.

जळगावात धर्मशाळेत मुक्काम केला. सकाळी मेहरूणच्या तळ्याकडे फिरायला गेलो. तिथली बोरं पौषातच खावीत, आकाराने सुपारीपेक्षा मोठी आणि गोड. मग आगगाडीने भुसावळ आणि तिथून मोटारीने एदलाबाद. शेवटचा रस्ता दोन्ही बाजूंनी केळीच्या बागांतून जातो आणि मोटारीतसुद्धा गारवा येतो.

नाना फाट्यावर बैलगाडी घेऊन उभा. घरी पोचताच त्याने अख्खा घड ह्यांच्यापुढे आणून ठेवला. "डॉक्टरांनी केळीही बेतानेच सांगितली आहेत," मी म्हटलं.

"माह्या घरी यायचं अन् केळ नही खायचं?" नानाचा चेहरा पडला. "तो डॉक्टर कुठला हे?"

"अर्धं खातो," हे म्हणाले आणि खरंच अर्धंच खाल्लं. उरलेलं अर्धं नानाने खाल्लं, तेव्हा कुठे तो निवळला.

दिवस मावळायच्या सुमारास वहिनीने अंगणात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर, वांगी भाजली. हिरवी, ढबू, हातात मावत नाहीत अशी. लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण कुटला, कांद्याची पात घातली. ह्यांच्यापुरतं भरीत तिने आधीच वेगळं काढलं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"वहिनी, ह्यात मीठ राहिलं."

"राह्यलं नही, दाजी. ह्या अक्कांनीच चिठ्ठी धाडली व्हती, मिठाचा खडाही नको मनून."

"हो, पण घरी असं लागत नाही," हे माझ्याकडे बघत म्हणाले. "घरी तर चव असते."

"थांबा, देते," मी म्हटलं आणि अभिमानाने डबी पुढे केली. नानाने माझ्या हातातून ती घेतली, एक खडा उचलून जिभेला लावला.

"हे?"

"सैंधव. उपवासाचं."

"माय वो! हे त आमी गोठ्यात टांगतो, बैलं चाटतात. हे मीठच हे!"

मी म्हटलं, समुद्राचं नाही ते. नाना म्हणाला, डोंगराचं असेल, पण मीठ ते मीठ. उपवासाला चालतं म्हणून ते मूत्रपिंडालाही चालेल, असं मी कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही. तीन महिने मी माझ्याच हाताने ह्यांना विष वाढत होते आणि वर कौतुक करून घेत होते. मला हुंदकाच फुटला. डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलेलं सगळं तिथे, सगळ्यांसमोर, बाहेर पडलं.

ह्यांनी आपलं ताट पुढे ओढलं. मग म्हणाले, "म्हणजे पारा उतरला नाही, त्याला कारण आहे. मला वाटलं होतं, आता काहीच उपाय उरला नाही." आणि खरं सांगते, इतकं हलकं मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्यांनी ते अळणी भरीत सगळं संपवलं. तोंड वाकडं करून, पण संपवलं.

पुढचे आठ दिवस वहिनीने आणि मी चूल अडवून ठेवली. भाजलेला लसूण, लिंबू, कोथिंबीर, तिळाचा कूट, कच्ची पात, ह्यांनी बरंच निभतं. पापड, लोणचं मात्र समोरही आणू नका. चौथ्या दिवशी ह्यांनी तक्रार बंद केली. मुक्ताईच्या देवळातही जाऊन आलो. तिथे मी काही मागितलं नाही, नुसती चूक कबूल केली. निघताना नानाने डबीतलं सैंधव बैलांच्या गव्हाणीत टाकलं आणि रिकामी डबी माझ्या हातात दिली.

धुळ्याला आल्यावर पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. मी आधी सगळं सांगून टाकलं, आधी ओरडा खाल्ला. मग त्यांनी पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, पारा चढवला. मी भिंतीकडे बघत होते.

"एकशे साठ," डॉक्टर म्हणाले. "गेलं ते परत येणार नाही. पण उरलंय ते असं सांभाळलंत तर टिकेल."

एदलाबादहून आल्यापासून मी माझ्याही ताटात मीठ घेत नव्हते. शिक्षाच म्हणा. त्या दिवशी घरी आल्यावर मी दोन पानं वाढली, दोन्ही अळणी. हे उठले, फळीवरची बरणी काढली, आणि माझ्या ताटात डाव्या बाजूला, जिथे वाढतात तिथे, चिमूटभर मीठ वाढलं.

"जेव," म्हणाले. "तुझी मूत्रपिंडं धडधाकट आहेत."